परतीचा बाण

मालाड, रविवार, १९ जानेवारी

आधी क्षमा मागते. प्रा. वाघमारे सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी माझा लेख दिवाळीपूर्वीच जायला हवा होता. संपादन समितीचे कार्यवाह आणि माझे वर्गमित्र परब यांनी तीनदा आठवण केली आणि मी तिन्ही वेळा "पाठवते" म्हणून गप्प बसले. खरं कारण त्यांना सांगितलं नव्हतं. सरांविषयी माझ्या मनात पंचवीस वर्षं एक संशय होता, आणि तो तसाच ठेवून गौरव लिहिणं मला खोटेपणाचं वाटत होतं.

सरांची पहिली ओळख बोरीवलीच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला झाली. सरांनी एक छोटा गप्पी मासा ओल्या कापसात गुंडाळला, शेपटी तेवढी बाहेर ठेवली आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मग मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, "सात मिनिटं. त्यानंतर मासा आपला नाही, पाण्याचा." आम्ही रांगेने डोळा लावला. शेपटीच्या पातळ पडद्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या होत्या, आणि त्यांतून तांबड्या पेशी एकामागे एक जात होत्या. वळणावर थबकायच्या, वाकायच्या, पुढे निघायच्या. शेवटच्या मुलीने "सर, अजून एकच मिनिट" म्हटलं तेव्हा मासा परत काचेच्या भांड्यात पोहत होता. त्या टेबलावर एकही मासा मेलेला मी पाहिला नाही. मी लक्ष ठेवून होते. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता.

सरांचा दुसरा नियम जर्नलचा. जे दिसलं तेच काढायचं. पुस्तकातलं चित्र उतरवलेलं त्यांना लगेच कळायचं.

त्याच वर्षी माझ्या आईचं स्तनाचं ऑपरेशन झालं. बगलेतल्या गाठीही काढल्या, आणि काही महिन्यांत तिचा डावा हात इतका सुजला की बांगड्या कापून काढाव्या लागल्या. सर तेव्हा आम्हाला केशवाहिन्या शिकवत होते. फळ्यावर त्यांनी दोन बाण काढले होते. धमनीकडच्या टोकाला रक्तातलं पाणी बाहेर पडतं आणि पेशींना अन्न, प्राणवायू पोचवतं, हा पहिला. शिरेकडच्या टोकाला तेच पाणी पुन्हा आत येतं, हा दुसरा. मी उभी राहिले.

"सर, पाणी शिरेकडून परत येतं, तर गाठी काढल्यावर हात का सुजतो? शिरा तर शाबूत आहेत."

सर खडू हातात धरून थांबले. "थोडं पाणी लसीकावाहिन्यांतून परत जातं. हाताच्या लसीकावाहिन्या बगलेतल्या त्या गाठींमधून जातात. ते अडलं."

"थोडं अडून एवढा हात सुजतो?"

वर्ग हसला. तास संपला. पुढच्या आठवड्यात जर्नल परत आलं, तर माझ्या आकृतीतल्या दुसऱ्या बाणाभोवती लाल वर्तुळ होतं आणि शेजारी लिहिलं होतं, "हे दिसलं का? पान पुन्हा काढा." पहिला बाणही मला दिसला नव्हता, पण त्याला सरांनी हातही लावला नव्हता. मी मनात ठरवून टाकलं की सरांना प्रश्न विचारलेला आवडत नाही, आणि त्याचा राग त्यांनी माझ्या वहीवर काढला.

त्यानंतरच्या रविवारी सर आणि त्यांच्या पत्नी कुसुमताई आमच्या घरी आले. कुसुमताईंनी आईसाठी रुंद बाह्यांचे दोन ब्लाउज शिवून आणले होते. आईला मापाचं विचारायला संकोच वाटेल, म्हणून त्यांनी अंदाजानेच बेतले होते. सरांनी आईला विचारलं, "ताई, सूज सकाळी जास्त असते की संध्याकाळी?" आणि उत्तर खिशातल्या छोट्या वहीत लिहून घेतलं. मला ते खटकलं. वाटलं, सरांना आईची काळजी नाही, नमुना हवाय. ते गेल्यावर आई मला म्हणाली, "माणूस चार जिने चढून आला गं, आणि तू त्याची वही बघत बसलीस!" आईने ते ब्लाउज शेवटपर्यंत वापरले. माझा संशय मात्र तसाच राहिला.

गेल्या ऑक्टोबरात सरांचा फोन आला. "सुजाता, सवड काढून ये. एक दुरुस्ती द्यायची आहे." ग्रंथाची घोषणा काही महिन्यांपूर्वीच झाली होती, माझा लेख बाकी होता. मला वाटलं, लेखात काय लिहायचं ते सांगणार असतील. तयारीनिशी गेले.

सरांसमोर छापील कागदांचा गठ्ठा आणि भिंग होतं. चहा यायच्या आतच त्यांनी सुरुवात केली.

"मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. तो परतीचा बाण. बहुतेक ऊतकांत पाणी शिरेकडच्या टोकाने फारसं परत येतच नाही. मूत्रपिंड, आतडं यांची गोष्ट वेगळी. बाकी जवळजवळ सगळं लसीकावाहिन्यांतून परत येतं. हे कळून बरीच वर्षं झाली, मीच उशिरा वाचलं. तुझ्या आईच्या हाताने तेव्हाच सांगितलं होतं, आणि मी 'थोडं अडलं' म्हणून मोकळा झालो."

त्यांनी ती छोटी वही पुढे केली. एका पानावर तारखेखाली लिहिलं होतं: "सुजाताचा प्रश्न. आईचा हात. माझं उत्तर पटण्यासारखं नाही. दुसरा बाण आपल्यापैकी कोणी पाहिलाय?" त्याच आठवड्यात माझ्या जर्नलमध्ये लाल वर्तुळ पडलं होतं.

आता लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी शाई निरखली. मागच्या पानावर अक्षरांचा दाब उमटलाय का, ते बोट फिरवून पाहिलं. पुढची-मागची पानं वाचली.

सर हसले. "तपास, तपास. जुनीच आहे. नुसतं माझ्यावर विश्वास ठेवून गेली असतीस, तर वाईट वाटलं असतं."

मग त्यांनी एक यादी दाखवली. जुन्या विद्यार्थ्यांना ते एकेक फोन करत होते, जे शिकवतात त्यांना आधी. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, म्हणून माझं नाव सगळ्यांत वर होतं. "ग्रंथात हे छाप," ते म्हणाले, आणि सहज विचारलं, "तू फळ्यावर काय काढतेस?"

"सर, बोर्डाच्या नमुना उत्तरात तोच बाण आहे. मुलांचे मार्क जातात..."

सरांनी कप माझ्याकडे सरकवला. "चहा घे," म्हणाले.

परबांना हे सांगितलं तेव्हा ते फोनवरच उसळले. "अगं बाई, गौरवग्रंथ आहे हा, पंचनामा नाही! सरांची चूक छापायची?"

"सरांनीच सांगितलंय."

"ते सांगणारच, ते तसेच आहेत. मला पण केला ना फोन! म्हटलं सर, मी मरोळला रंग विकतो, मला कसला बाण नि काय?"

"मग?"

"म्हणाले, तुझी मुलगी यंदा बारावीला आहे ना." परबांचा आवाज खाली आला. "लिही यार. वाट लागली तर लागू दे."

तरीही तीन महिने मी लिहिलं नाही, कारण तोवर संशयाची जागा बदलली होती, तो आता माझ्यावरच होता. चूक कळल्यावर पंचाहत्तरीतले सर यादी घेऊन फोन करत बसले, आणि मी ऑक्टोबरनंतरही दोन तुकड्यांना तोच बाण काढून दिला. सरांना प्रश्न आवडत नाहीत, असं मी पंचवीस वर्षं मानलं. माझ्या वर्गात गेल्या कित्येक वर्षांत असा प्रश्न कोणी विचारलेला नाही, याचा विचार मी केला नव्हता.

सरांना पुष्कळ वर्षं मिळोत आणि ती धडधाकट जावोत. भिंगाची काच स्वच्छ राहो, यादीतले सगळे फोन लागोत. संध्याकाळी सरांचे पाय सुजतात, असं कुसुमताईंनी ऑक्टोबरात मी निघताना हळूच सांगितलं. ती नोंद सरांनी कृपा करून स्वतःच्या वहीत न ठेवता डॉक्टरांना करू द्यावी, ही त्यांना विद्यार्थिनीची विनंती.

उद्याचं काम: बारावी ब, तिसरा तास. बाण काढायचा, परीक्षेत काय लिहायचं ते सांगायचं, आणि मग वर्गासमोर तो पुसायचा.