नॅनीलासुद्धा रविवारची सुट्टी असते

के. आर. पुरमच्या आमच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी आम्ही सगळे सिनेमा बघत होतो. घरात उच्छाद मांडणारी पोरं आणि त्यांना वठणीवर आणायला आलेली नॅनी. माझ्या जुळ्या नातवंडांना सिनेमा फार आवडला. आवडणारच. त्याच सकाळी दोघांनी कुकरची शिट्टी कमोडमध्ये टाकून फ्लश केली होती आणि वर मलाच विचारलं होतं, की आता ती कुठे वाजेल.

नागपूरहून मी आले होते महिनाभरासाठी. सुनेची नवी नोकरी होती. मग मुलांची शाळा सुरू झाली, मग मुलाचं प्रमोशन आलं, आणि माझं तिकीट पुढे पुढे सरकत राहिलं. संध्याकाळी खाली पोरं खेळायची तेव्हा मी सोसायटीतल्या नॅनींच्याच बाकावर बसायचे. त्यांच्यातल्या एका कानडी बाईने मोडक्या हिंदीत विचारलं, अज्जी, तुम्हाला रविवारी सुट्टी देतात का? नाही म्हटल्यावर तिला माझी कीव आली. घरी येऊन मी हे हसत हसत सांगितलं. सगळे हसले. डोक्यात कुणाच्या काही शिरलं नाही.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. भाद्रपदात आमच्या नागपूरच्या घरी ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात. सासूबाईंनी माझ्या हाती दिल्या तेव्हापासून मीच बसवते. जाण्याचा विषय काढला की मुलगा म्हणायचा, बघू.

सिनेमा संपत आला. पोरं शहाणी झाली आणि नॅनी बॅग उचलून निघाली. नात रडायला लागली, ती का जाते म्हणून. मुलाने तिला जवळ घेतलं.

"रडू नको. आपली आजी कुठे जात नाही."

मला विचारलंसुद्धा नाही. माझं डोकंच सणकलं.

"जाणार आहे," मी म्हटलं. "महालक्ष्म्यांच्या आधी."

त्याने टीव्ही बंद केला आणि समजावणीला लागला. या वर्षी इथेच बसवू, मुखवटे हल्ली घरपोच मिळतात, ऑफिसातली मराठी मंडळीही जेवायला येतील. म्हणजे सोळा भाज्या इथेही मीच चिरायच्या.

"महालक्ष्म्या येतात, जेवतात अन् तिसऱ्या दिवशी आपल्या घरी जातात," मी म्हटलं. "त्यांना कुणी म्हणत नाही, थांबा, पोरांची परीक्षा आहे."

मग मुलांकडे कोण बघणार, असं सुनेने हळूच विचारलं. तिच्यावर माझा राग नव्हता, तीही बिचारी कामाला जुंपलेली. पण यांची ती कामं आणि माझी ती हौस, हे मला मान्य नव्हतं. ज्यांची आहेत ते बघतील, असं म्हणून मी बॅग काढायला उठले.

आणि गेले. महालक्ष्म्यांच्या जेवणाला हे चौघंही नागपूरला आले, रजा काढून. तेव्हा बरी मिळाली रजा. पंगत बसली होती, मी पोळ्यांवर तूप वाढत होते. आतल्या खोलीत काहीतरी धाडकन पडलं आणि जुळ्यांची मारामारी सुरू झाली. मुलगा पानावर बसल्या बसल्या म्हणाला, आई, बघ ना जरा.

"तू ऊठ," मी म्हटलं. "मी आज माझ्या घरी आहे."

भरल्या पानावरून कुणाला उठवू नये म्हणतात. मी उठवला.