निळीचं पाणी

आमचे हे आठ महिने खाली उतरले नव्हते. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशननंतर जुळलंही, पण घर दुसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. रोज सकाळी चौकातल्या टपरीवर तासभर गप्पा ठोकल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नसे, ते गॅलरीतल्या खुर्चीला जखडले गेले. वरून ओळखीच्यांना हाका मारायचे आणि कोणी “या की खाली” म्हणालं की एकदम गप्प व्हायचे. ते गप्प होणं मला बघवत नव्हतं. म्हणून हे घर विकून लिफ्ट असलेलं घ्यायचं असं मी ठरवलं. ह्यांना फक्त कळवलं.

घरात खोट एकच होती. मागच्या खोलीत, गॅलरीला लागून असलेल्या भिंतीला कमरेइतकी ओल. ती वरच्या मजल्यावरच्या वहिनींमुळे आहे हे मी चार वर्षांपूर्वीच जाहीर करून टाकलं होतं, कारण त्यांच्या बाथरूमचा पाइप त्याच कोपऱ्यातून खाली येतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर बोलले, त्याही बोलल्या, आणि तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आलो तरी आम्ही दोघी चपलांकडे बघत पुढे जायचो. आता घर विकायचं म्हटल्यावर एजंट म्हणाला, भिंतीला रंग मारा आणि पुढे कपाट सरकवा. मी दोन्ही केलं. लाज वाटली, नाही असं नाही. पण ह्यांना खाली न्यायचं होतं.

घर बघायला कळवणकडचं एक तरुण नवरा-बायकोचं जोडपं आलं. दोघंही शिक्षक, आणि त्यांच्याजवळ राहणाऱ्या, त्या मुलीच्या सासूबाईंना दम्याचा त्रास. घर पसंत पडलं, चहा झाला, आणि मग मुलगी म्हणाली की व्यवहाराआधी एका बाईंकडून घर तपासून घेणार. माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं ज्या घरात संसार केला, त्याची कोण परकी बाई येऊन तपासणी करणार?

राग ओसरल्यावर मात्र आठवलं, हे घर आम्ही कसं घेतलं होतं. बिल्डरने संध्याकाळी आणखी दोन पार्ट्या येणार म्हणून सांगितलं, आणि आम्ही एक नळसुद्धा उघडून न बघता तिथल्या तिथे टोकन दिलं. फक्त दरवाजा पूर्वेला आहे ना, एवढं बघितलं. आता नाशकात विकणारेही पुष्कळ आहेत आणि घेणारेही. कोणी कोणाला कोंडीत पकडू शकत नाही, म्हणून माणसं दमाने घर बघतात. हे बरंच आहे. माझ्याच घराच्या बाबतीत ते बरं वाटत नव्हतं, इतकंच.

तपासायला आल्या त्या पन्नाशीच्या इंजिनियर बाई. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने एकेक फरशी ठोकून आवाज ऐकत होत्या. नळ, बटणं, खिडक्या, सगळं उघडून बघितलं. मग कपाटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, हे जरा सरकवू या. मी म्हटलं, फार जड आहे. त्यांनी पदर खोचला आणि दुसरी बाजू स्वतःच धरली. त्यांच्या हातातलं ओल मोजायचं छोटं यंत्र माझ्या कोऱ्या रंगावर टेकताच किणकिणायला लागलं.

मी लगेच वरच्या वहिनींचं नाव घेतलं. बाईंनी वाद घातला नाही. एक बादली मागितली, त्यात नीळ कालवली आणि ते पाणी वहिनींच्या मोरीत ओतायला सरळ वर गेल्या. वहिनींनी काही न विचारता बाथरूम उघडून दिलं म्हणे. दुसऱ्या दिवशी भिंतीवर निळं काहीच नव्हतं. मग बाईंनी निळीचं पाणी आमच्याच गॅलरीत ओतलं. ते कोपऱ्यात पाणी जायच्या जाळीपाशी तुंबून राहिलं, आणि सकाळी माझ्या क्रीम रंगावर निळा डाग उमटला. बाईंनी जाळी काढून खालच्या पाइपात तार घातली. करड्या मातीचे गोळे निघाले, आणि त्यात सोनेरी चमकी.

ती माती कसली, ते मला बघताक्षणी कळलं. बारा वर्षं आमच्याकडे शाडूचा गणपती असतो. गोदावरीत घाण नको म्हणून गॅलरीत बादलीत विसर्जन करतो, आणि त्यावर मी सगळ्या सोसायटीला भाषणं दिली आहेत. माती कुंड्यांत घालायची हे ठरलेलं. पण उरलेलं गढूळ पाणी बाप्पाचं, ते बाथरूमच्या मोरीत कसं ओतायचं? म्हणून मी दरवर्षी ते गॅलरीच्या स्वच्छ जाळीत, हात जोडून ओतत आले.

डाग बघायला ते जोडपंही आलं होतं; आता ते निघून जाणार आणि ह्यांचं खाली जाणं पुन्हा लांबणार, हे मला दिसत होतं. तरी मी रंगाचं आणि कपाटाचं खरं काय ते सांगून टाकलं. मुलीने भिंतीवरच्या निळ्या डागावर बोट टेकवलं.

“काकू, ओल कुठून येते ते कळलं ना,” ती म्हणाली. “कळलं नसतं तर आईंना इथे आणलंच नसतं. तुम्ही दुरुस्त करून घ्या, आम्ही पुन्हा बघायला येतो.”

बाईंचा अहवाल मी ह्यांना वाचून दाखवला. त्या ओलीखेरीज घर भक्कम असल्याचं लिहिलं होतं. हे म्हणाले, तीस वर्षांत तू या घराचं एवढं कौतुक केलं नाहीस.

त्याच संध्याकाळी मी वर गेले. चौदा पायऱ्या चढायला मला चार वर्षं लागली.

“चुकलं माझं,” मी दारातच म्हटलं. “ओल आमचीच होती.”

“मला ठाऊक होतं,” वहिनी म्हणाल्या. “पण तुम्ही ऐकून घेणार होतात का?”

“नाही,” मी म्हटलं. त्यांनी आत बोलावलं.

पाइप मोकळा झाला, भिंत वाळली, त्या दोघांनी बाईंना घेऊन पुन्हा बघितली आणि घर घेतलं. निघायच्या दिवशी चौघांनी ह्यांना खुर्चीसकट उचललं. वहिनी दोन पायऱ्या पुढे, प्रत्येक मजल्यावरच्या चपला पायाने बाजूला सारत. खाली नव्या घरी जायला गाडी उभी होती, पण हे म्हणाले, “जरा थांबा.” मान वर करून आमच्या गॅलरीकडे बघत राहिले. आठ महिने ज्या जागेवरून ते खाली बघत होते, ती जागा त्यांना आज पुन्हा खालून दिसत होती. मला रडू आवरेना. वहिनींनी माझा हात धरला आणि ह्यांना विचारलं, “टपरीवरून चहा आणू का?”

“आणू नका,” हे म्हणाले. “खुर्ची तिकडेच न्या.”