लाईटवाले भाऊ

सबस्टेशनचा फोन उचलून "हॅलो" म्हणायच्या ऐवजी "बोला मंडळी!" म्हणणारा एकच ऑपरेटर मी माझ्या नोकरीत पाहिला. पलीकडे मंडळी कुठली? मी एकटा, तोही उन्हात, खांबाखाली, घामाने मोबाईल हातातून निसटतोय अशा अवस्थेत. पण भाऊसाहेबाला एका माणसाशी बोलणं जमतच नसे. समोर गर्दी आहे असं धरूनच त्याचं तोंड उघडायचं.

भाऊसाहेब हे त्याचं पाळण्यातलं नाव. आमच्या नगर जिल्ह्यात पोर जन्मलं की त्याला भाऊसाहेब, रावसाहेब करून टाकतात, पुढे ते कसं निघेल याची कोणी वाट पाहत नाही. तोंडावर मी त्याला "अहो भाऊसाहेब"च म्हणत आलो. इथे मात्र अरे-तुरे करणार आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण हा गेलेला नाही. चांगला ठणठणीत आहे. बदली होऊन कर्जतकडे आहे आणि रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावर सुविचार टाकतो. तेव्हा माझी जीभ मोकळी आहे.

मी वायरमन. तिसगावच्या पुढची वाड्यावस्त्यांची लाईन माझ्याकडे आणि माझा जोडीदार नामदेव याच्याकडे होती. नामदेव खांबावर चढायचा, मी खाली. आमचं काम एका शब्दावर चालतं, तो शब्द म्हणजे परमिट. खाली उभा राहिलेला माणूस सबस्टेशनला फोन करतो, ऑपरेटर त्या गावाची लाईन बंद करतो आणि बंद केलेल्या ब्रेकरवर, म्हणजे त्या लाईनच्या मोठ्या बटणावर, लाल पाटी अडकवतो: माणसं कामावर आहेत. मग वरचा चढतो, चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून तारांवर साखळी टाकतो, काम करतो. काम झालं की साखळी काढायची, खाली उतरायचं, सामान गोळा करायचं, आणि ज्याने परमिट घेतलं त्यानेच फोन करून ते परत करायचं. दुसऱ्या कोणी नाही. तोवर ती पाटी देवाचा बाप आला तरी हलवायची नसते. चढणाऱ्याचा जीव खालच्याच्या फोनवर आणि त्या पाटीवर टांगलेला असतो, बाकी कशावर नाही.

आणि अशा खुर्चीवर हा बसायचा. बसायचा म्हणजे काय, टेबलावर मोबाईलचा स्टँड, त्याला गोल दिवा, शर्टाला माईक. "लाईटवाले भाऊ" असं त्याचं चॅनल होतं. लाईट कधी जाणार, कधी येणार हे तो गाण्याच्या चालीवर सांगायचा. मध्येच सरपंचाची नक्कल, मध्येच सासू-सुनेचं भांडण. आवाज गोड होता मेल्याचा, खोटं कशाला बोलू? माझी आई त्याचे व्हिडिओ बघून पदर तोंडाला लावून हसायची. मी तिच्यावर ओरडायचो, तर म्हणायची, "तुला मेलं हसू म्हणून येत न्हाई कशाचं!"

एकदा मी त्याला सरळ विचारलं, "अहो भाऊसाहेब, पगार कंपनी कशाचा देते तुम्हाला?"

"मशीन तर आपसूक चालतंय," तो म्हणाला, डोळे मोबाईलवरच. "मी काय त्याला पंख्यानं वारा घालू?"

हे त्याचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य साहेबांसाठी होतं: "पूर्वी लाईट गेली की लोकं दगडं घेऊन यायची, आता हार्ट पाठवत्यात." आणि साहेब ते ऐकून खूश! दगड येत नाहीत म्हटल्यावर कोणता साहेब खुर्चीतून उठून बघायला येईल? उलट दिवाळीला साहेब स्वतः त्याच्या व्हिडिओत शुभेच्छा द्यायला उभे राहिले, कोटाची बटणं लावून. मग आम्ही कुणाकडे तक्रार करणार? कुंपणानंच शेत खाल्लं तर राखण कुणी करायची?

पाटीचं मला आधीच कळलं होतं, म्हणून तर माझा जास्त संताप होतो. एकदा मी कंट्रोल रूममध्ये गेलो तर शेजारच्या गावाचं परमिट चालू, त्यांचा माणूस खांबावर, आणि ब्रेकरवर पाटी नाही. पाटी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये.

"ही पाटी हितं का?" मी ओरडलोच.

"अहो, फ्रेममधी लई आडवी येती ती. लालभडक. लोकं इचारत बसत्यात, भाऊ, काय झालं, कोन मेलं का?" असं म्हणून हा हसला. "शूटिंग झाल्यावर लावतो की. तुमी लई भित्रे राव."

मी स्वतः पाटी काढून ब्रेकरवर लावली आणि तोंडाला येईल ते बोलून बाहेर पडलो. नामदेवाला सांगितलं तर तो शांत माणूस, म्हणाला, "जाऊ दे. नाकापरास मोती जड झालाय त्याचा. एक दिवस नाक तुटंल त्याचंच." नाक त्याचं तुटायला हवं होतं, एवढंच मी म्हणतो.

कांद्याला पाणी द्यायचे दिवस होते. माळवाडीच्या खांबावरचा इन्सुलेटर तडकला, वाडीची लाईट गेली. मी फोन लावला.

"बोला मंडळी!"

"माळवाडीचं परमिट द्या. नामदेव चढतोय."

"दिलं, दिलं. लवकर आवरा, लोकं लई वरडायला लागलीत."

नामदेव चढला. साखळी टाकली. जुना इन्सुलेटर काढला, नवा बसवला, तार बांधली. बांधावर चार-पाच शेतकरी मोबाईल बघत बसलेले, मोटार कधी चालू होते या आशेवर. नामदेवाने साखळी काढली आणि वरून ओरडला, "झालं रं!" कंबरेचा पट्टा सोडायचा आणि उतरायचं, एवढंच राहिलं होतं. मोबाईल माझ्या खिशात होता. तो उतरल्याशिवाय मी खिशाला हात लावत नाही, ही माझी सवय.

तेवढ्यात वर आवाज झाला. तो आवाज मी इथे लिहिणार नाही. नामदेव पट्ट्याला लटकला होता आणि त्याच्या उजव्या हाताकडे बघवत नव्हतं.

बांधावरचे लोक धावले. मी फोन लावला.

"बोला मंडळी! लाईट आली व्हती, गेली परत. सोडू का अजून एकदा?"

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. शेतकरी नंतर म्हणाले, तुम्ही आईबापावरून शिव्या देत होता. दिल्या असतील. कमीच दिल्या असतील.

हा तेव्हा लाईव्ह होता. पाटी ड्रॉवरमध्ये, समोर लोक "भाऊ, लाईट सोडा, भाऊ, लाईट सोडा" लिहीत होते, आणि याने मोठ्या ऐटीत सगळ्यांच्या देखत "घ्या मंडळी, तुमच्यासाठी!" म्हणून ब्रेकर चालू केला. हे मला बांधावरच्याच एकाने सांगितलं. पण जबाब द्यायची वेळ आली तेव्हा तो शेतावर नव्हता, घरी नव्हता, पावण्याच्या गावाला गेला होता. आणि लाईव्ह तर याने लगेच पुसून टाकलं होतं. त्यात मात्र याची तत्परता बघावी! कंपनीच्या कामात एवढी दाखवली असती तर नामदेवाचा हात त्याच्या अंगावर असता.

नगरला दवाखान्यात नामदेवाचा उजवा हात कोपराखालून काढला. चौकशी लागली. भाऊसाहेबाने तिथे सांगितलं की परमिट परत करायचा फोन आला होता. माझ्या मोबाईलवर तसा फोन केल्याची खूण नव्हती. तर म्हणाला, दुसऱ्या कुणाच्या मोबाईलवरून केला असेल, आवाज वायरमनचाच होता. साहेबांनी "गैरसमजातून घडले" असं लिहून विषय मिटवला. पण गावात शब्द पसरायचा तो पसरलाच. जोडीदार खांबावर असताना यानंच फोन केला, घाई केली, आता नाही म्हणतोय! चहाच्या टपरीवर मी गेलो की बोलणं थांबायचं.

ते मी सहन केलं असतं. पण मंदा वहिनी, नामदेवाची बायको, तिनेही माझ्याशी बोलणं सोडलं. मी भेटायला गेलो की ती आत निघून जायची. भांड्यांचा आवाज तेवढा यायचा. नामदेव म्हणायचा, "मला वरून तुझा खिसा दिसत नव्हता रे. पन तू तसा न्हाईस." वहिनी आतून म्हणायची, "तुमचा मैतर पडला तो. हात माझ्या घरातला गेला." फोन केला नव्हता हे मला माहीत आणि भाऊसाहेबाला माहीत. तिसऱ्या कुणाला कळायचं तर त्याच्याच तोंडून कळायचं.

बदलीचा हुकूम आल्यावर भाऊसाहेब नामदेवाच्या घरी आला. मी तिथेच ओट्यावर बसलो होतो. पांढराशुभ्र शर्ट, हातात फळांची पिशवी, आणि दुसऱ्या हातात मोबाईलचा स्टँड! मला वाटलं, डोळ्यांना भास होतोय. पण नाही, त्याने तो नामदेवासमोर उभा केला, माईक शर्टाला लावला, केसांवरून हात फिरवला.

"मंडळी," तो मोबाईलला म्हणाला, आणि खरंच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, "आज मी एका वीर बांधवाच्या दारात आलोय. माझ्याकडून काही चुकलं असंल, तर आज सगळ्यांसमोर मी हात जोडून…"

मी उठलोच होतो, स्टँड लाथेने उडवायला. नामदेवाने डाव्या हाताने मला अडवलं.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "ते बंद करा."

"अहो, लोकांना कळू द्या की. लोकं रडतील बघून."

"लोकांचं ऱ्हाऊ द्या. बंद करा, खिशात ठेवा. मग बोला."

भाऊसाहेबाने मोबाईल बंद केला. खिशात ठेवला. वहिनी चहाचे कप घेऊन आली, एक त्याच्यासमोर ठेवला आणि दारात उभी राहिली.

"आता हिला सांगा," नामदेव म्हणाला. "याचा फोन आल्ता का?"

एवढंच विचारलं त्याने. भाऊसाहेबाने वहिनीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "आता… म्हंजे… त्या येळंला…" म्हणाला आणि थांबला. हात दोनदा खिशाकडे गेला, दोनदा परत आला. जगाच्या नकला करणारा, सरपंचापासून सासूपर्यंत कुणाच्याही आवाजात तासनतास बोलणारा माणूस, त्याच्याकडे स्वतःच्या आवाजात बोलायला एक शब्द नव्हता. व्हय की न्हाई, एवढंसुद्धा त्याला म्हणता आलं नाही.

वहिनीने त्याच्यासमोर ठेवलेला कप उचलून घेतला.

"उठा," ती त्याला म्हणाली. आणि तोच कप माझ्या हातात देत म्हणाली, "भावजी, तुमी बसा."