इश्तवान काहीच विसरले नव्हते

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुला का सांगतोय – ते मलाच नीट कळत नाही.

इश्तवान माझे साहेब. सिडनीत त्यांचा खिडक्यांच्या चौकटींचा कारखाना, मी तिथे इंजिनिअर. ते रुमानियातले हंगेरियन. तिथे त्यांचे लोक मूठभर. शाळेच्या दाखल्यावर त्यांचं नाव बदलून रुमानियन वळणाचं श्तेफान केलेलं; त्या नावासाठी भांडत भांडत ते पुढे नगरपालिकेत निवडून आले. हे ऐकलं आणि मी पहिल्यांदाच मन मोकळं केलं – मी बौद्ध आहे, इथे येण्याआधी आडनाव बदललं, इथल्या पेंडल हिल भागातल्या मराठी मित्रांना मूळ गावसुद्धा खोटं सांगतो. आपल्यात पहिल्या चहालाच विचारतात ना – मूळचे कुठले? सत्तरीतला तो माणूस डोळे पुसत म्हणाला, "मेट, आपण भाऊ आहोत."

भाऊ!

नंतर ते इथल्या कौन्सिलला उभे राहिले. मीच त्यांना आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये नेलं. लहान समाजाचं दुखणं मला कळतं, असं म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला – "हा माझा मित्र बौद्ध. यालाही नाव बदलावं लागलं."

वाढायला उभ्या असलेल्या वहिनी वळून बघायला लागल्या. आणि मी – मी हसलो. चक्क हसलो! "अरे, वय झालंय त्यांचं. दुसऱ्याच कुणाचं तरी माझ्या नावावर घालतायत."

"रिअली, अंकल?" कुणीतरी इश्तवानना विचारलं.

इश्तवाननी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हसण्यावरूनच सगळं समजले. "सॉरी, माझी गल्लत झाली."

"नो वरीज अंकल, होतं असं." सगळे सुटल्यासारखे हसले.

मला न विचारता बोलले, खरंय. पण म्हणून?

आठवड्याभरात व्हॉट्सॲपवर फिरलं – म्हाताऱ्याला भ्रम झालाय, मत कशाला वाया घालवायचं? मी ते वाचलं. गप्प बसलो. इश्तवान निवडणुकीत पडले.

ही कुजबुज त्यांच्या मुलीच्या कानावर गेली. ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली, रोज बरोबर असतो म्हणून मलाही बोलावलं. त्यांचा विसरभोळेपणा तुम्हाला जाणवलाय का, डॉक्टरांनी मला विचारलं. नाही म्हटलं असतं, तर हॉलमधलं सगळं सांगावं लागलं असतं. इश्तवान समोरच बसले होते. एक शब्द बोलले नाहीत.

मी म्हणालो, "हो. अधूनमधून."

इश्तवान आता घरी असतात. कारखाना मुलगी बघते. तिने मला मॅनेजर केलं. मी नाही म्हणालो नाही.