चिंचेवरचं भूत आणि कापूस

उशी फाटली की आतल्या कापसाच्या वासानं मला आमचं बाजारहत्नूरकडचं वावर आठवतं. बोंडं फुटलेली, आभाळ भरून आलेलं, आणि मला वेचायचा कंटाळा. मी वेचणीला आलेल्या बायांना बांधावरच्या चिंचेतल्या भुताची गोष्ट सांगितली, तर त्या ओटीतला कापूस टाकून पळाल्या. माय कडाडली, "काऊन वं, आता कापूस काय तुयं भूत वेचते?" दुसऱ्या दिवशी बाया परत आल्या, पण भुताचं पुढं काय झालं ते ऐकायला! मायनं लगेच अट घातली, "आधी ओळ वेचा, मंग पुढची गोष्ट." शेवटचं बोंड वेचेपर्यंत मी भुताला मरू दिलं नाही. आता मी मालिका लिहिते. निर्माते म्हणतात, "अजून लांबवा." मी विचारते, "वावरात कापूस किती उरलाय?"