खिडकीतून दिलेली मुलगी

पोह्याचा पापड भाजल्याचा वास आला की मला पेणचं स्टेशन आठवतं. गणपतीसाठी रोह्याला माहेरी निघाले होते, चार वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांची मुलगी घेऊन. पेणला गाडी आली ती खच्चून भरलेली. फलाटावर एक पापडवाली खिडक्यांपाशी भाजलेले पापड विकत होती. तेव्हा आम्ही सगळ्याच बायका करायचो तसं मी मुलीला गज नसलेल्या खिडकीतून आतल्या एका बाईच्या हातात दिलं आणि मुलाला ओढत दाराकडे धावले. कशीबशी चढले, माणसं ढकलत त्या बाईपाशी पोचले तोवर गाडी सुटली होती, आणि तिची मांडी रिकामी! "माझी पोर?" मी किंचाळले. ती मला बघून माझ्याहून जास्त दचकली. "गाडी हलली, तू खाली काय दिसली नाय. वाटलं, मागंच राहिलीस. म्हणून पोर परत त्या पापडवालीकडं दिली गो!" कुणीतरी साखळी ओढली. मुलाला बखोटीला मारून मी खडीवरून मागे धावले. समोरून पापडवाली धापा टाकत येत होती. तिच्या कडेवर माझी मुलगी, भाजलेला पापड चघळत. आज ती तिशीची आहे. तरी पापडाचा वास आला की माझा हात आधी रिकाम्या कडेवर जातो.