काहील टाकून गुळव्या जात न्हाय

चमनभाई गुळव्या गांधीलमाशी चावून मेला, असं कागलात सांगतात. सांगू देत. माशीच्या नावावर घातलं की माणसाला जाब विचारायची गरज ऱ्हात न्हाय.

मी झुंबरबाई. सयाजीरावांच्या गुऱ्हाळात चुलवाणात चिपाडं घालते. रस आटवायच्या काहिलीच्या त्या अंगाला चमनभाई, ह्या अंगाला मी, अशी आमची हयात गेली. उकळत्या रसाचा पाक कवा उतरवायचा, ते गुळव्या ठरवतो. चमनभाई पाकाचा थेंब पाण्यात सोडायचा, बोटात गोळी करून बघायचा आन् हात वर करायचा. मग गडी काहील उतरवून पाक गार करायच्या वाफ्यात ओतायचे. हात वर व्हईस्तोवर मालक बी गप.

गोडाला माश्या येणारच. आमच्यात माशी चावली म्हणून बोंबललं तर हसतात. चुना लावायचा, कामाला लागायचं. चमनभाईला तर त्याचा तोराच हुता. "गुळव्याचं रगात माशीला ओळखतंय," म्हणायचा. येडं कुठलं. ओळखत हुतं, पण वैऱ्यासारखं. एका सालाला बोट सुजलं, पुढच्या सालाला कोपरापतोर हात. गेल्या सालाला तर अंगभर गांध्या उठल्या, ओठ टम्म फुगले, उलट्या करून आडवा झाला. मी आन् त्याची बायको अमीरबी, आम्ही दोघींनी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण पोरगेलीच, पण रोखठोक. "मामा, अंगाला सवय होत नाहीये, ते दर वेळी जास्त बिथरतंय. पुढच्या वेळी घसा सुजून श्वास कोंडेल. चुना लावत बसू नका, चावली की तडक इकडं या. इंजेक्शन वेळेत मिळालं तर माणूस वाचतो." आन् गुऱ्हाळ सोडा म्हणाली.

"सोडून काय करू, चहाचा गाडा लावू?" चमनभाई वाटेत म्हणाला. अमीरबी रडली, तवा कबूल झाला की चावली की निघायचं. ती मालकालाबी सांगून आली. मालक म्हणाला, "व्हय की. गाडी दारातच हाय."

यंदा चावली ती पाक यायच्या ऐन वक्ताला, मानेवर. मी बघितलं. म्हटलं, "चमनभाई, चला." गाडी खरंच दारात हुती.

"एवढी काहील उतरू दे की," मालक म्हणाला. "करपली तर कोण निस्तरणार?"

मालकाचं ऱ्हाऊ दे, चमनभाईच मला म्हणाला, "काहील टाकून गुळव्या जात न्हाय." आन् चुना मागितला. मी चुलवाणातला जाळ वढायला लागले तर माझ्यावरच खेकसला. आवाज घोगरा झालता, ओठ निळे पडलेते. तशात थेंब पाण्यात सोडला, गोळी केली, हात वर केला आन् मट्कन खाली बसला. गड्यांनी आधी काहील उचलली, मग त्याला. दवाखान्याच्या पायरीवरच त्याचा श्वास थांबला.

मला मालकाचा राग येतो आन् चमनभाईचा बी येतो. नाकापेक्षा मोती जड करून ठेवलता त्यानं. मेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात, मी देते.

तिसऱ्या दिवशी मयताच्या जियारतीला मालकानं त्याच काहिलीतली ढेप धाडली. गूळ लई देखणा उतरलाय, असा निरोप बी धाडला. मला वाटलं, अमीरबी आता ढेप उकिरड्यावर फेकतीय. तिनं नखानं कोपरा उकरला आन् जिभंवर ठेवला.

"पाक बरोबर धरलाय त्येनी," म्हणाली. मग माझ्याकडं बघून विचारलं, "जरा आधी उतरवला असता तर काय झालं असतं, झुंबरबाई?"

काय व्हायचंय? काकवी झाली असती. आमच्यात काकवी बी भाकरीसंगं आवडीनं खातात.